वाचक विचारतात : जलरंगांची पेटी पुन्हा उघडताना

प्रश्न : वीस वर्षांनी जलरंग बाहेर काढले. ट्यूबमधले रंग वाळून खडा झालेत, एक ब्रश वाकडा झालाय. सगळं नवीन घ्यावं का?

उत्तर : रंग टाकू नका. जलरंग डिंकात घोटलेला असतो आणि डिंक पाण्यात पुन्हा विरघळतो. ट्यूब ब्लेडने उभी चिरा, खडे छोट्या वाटीत काढा, पाण्याचे चार-पाच थेंब टाकून रात्रभर झाकून ठेवा. बुरशी किंवा कुजका वास असेल तर मात्र फेकून द्या. (ॲक्रिलिक वाळलं की संपलं, तिथे हा उपाय चालत नाही.) ब्रश साबणाने धुवा, केसांना बोटांनी टोक काढा, पातळ डिंकाच्या पाण्यात बुडवून आडवा वाळवा. गरम पाणी वापरू नका, धातूच्या नळीतला गोंद सुटतो आणि केस गळू लागतात.

खरी शंका घ्यायची ती जुन्या कागदाची. दमट हवेत कागदाची खळ (पाणी लगेच आत शिरू न देणारा लेप) मरते आणि मग रंग टीपकागदावर शाई पसरावी तसा आत शिरतो. कोपऱ्यावर पाण्याचा थेंब टाकून बघा. लगेच शोषला गेला, तर त्या कागदावर पेन्सिल चालवा. अनेकांना हात गेला असं वाटतं तेव्हा गेलेला असतो कागद.

प्रश्न : आकाशाच्या वॉशमध्ये (पातळ रंगाच्या सलग थरात) फुलकोबीसारखे डाग येतात. रंगही मळकट होतात.

उत्तर : वॉश अर्धवट वाळलेला असताना त्याच्यापेक्षा ओला ब्रश टेकला, की जादा पाणी रंगाचे कण कडेला ढकलतं, तोच तो डाग. कागद चकाकत असेल तोवर काम करा. चकाकी गेली पण हाताच्या पाठीला कागद गार लागतोय, तर हात आवरा. गारवा गेला म्हणजे वाळला. बहुतेक चुका या मधल्या काही मिनिटांत होतात, आणि त्या बहुधा ‘जरा दुरुस्त करतो’ म्हणूनच होतात.

मळकटपणासाठी पाण्याची दोन भांडी ठेवा : एक ब्रश धुवायला, एक स्वच्छ. मिश्रणात दोन, फार तर तीन रंग. कागद ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा) घ्या, पातळ कागद फुगतो आणि खळग्यांत रंग साचतो.

प्रश्न : लोक चित्रं विकत मागतात. स्वतःला चित्रकार म्हणवून घ्यायला मात्र संकोच वाटतो.

उत्तर : संकोच राहू द्या, रंग उन्हात टिकतात का ते आधी तपासा. प्रत्येक रंगाची पट्टी ओढा, अर्धी जाड पुठ्ठ्याने झाका आणि तीन महिने उन्हाच्या खिडकीत लावा. अलिझरिन क्रिमसन हा लाल रंग (ट्यूबवरचा रंगद्रव्य क्रमांक पीआर ८३) फिका पडताना दिसेल. त्याऐवजी क्विनॅक्रिडोन (पीव्ही १९) वापरा. चित्राच्या मागे तारीख, कागद आणि वापरलेल्या रंगांचे क्रमांक पेन्सिलीने लिहा. फ्रेम करताना काच चित्राला टेकू देऊ नका, मधे माउंट (पुठ्ठ्याची चौकट) हवाच.

सही पुढच्या बाजूला करा.