चौथ्या राउंडला मन सोडतं तेव्हा काय करायचं

भावा, तू लिहिलंयस की पोलीस भरतीची तयारी चालूये, १६०० मीटर सध्या ५:४० ला येतंय आणि ५:१० च्या आत आणायचंय म्हणजे २० पैकी २० मार्क पडतील, पण मंगळवारी-शुक्रवारी ४०० मीटरचे सहा राउंड मारायला गेलं की चौथ्याला मन सोडतं, मधेच चालायला लागतो आणि मग दिवसभर स्वतःचा राग येतो. मोटिवेशनचे व्हिडिओ बघून झाले, भिंतीला वर्दीचा फोटो लावून झाला, तरी तेच. मी बरीच वर्षं तालुक्याच्या ग्राउंडवर पोरापोरींना पळवतोय आणि दर सीझनला हे विचारणारं कोणीतरी असतंच, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिले तुझे टायमिंग बघ. पहिला राउंड ७१ सेकंदाला, दुसरा ७५, तिसरा ८०, चौथ्याला थांबलास, बरोबर? आता ५:१० म्हणजे एका राउंडला साडेसत्त्याहत्तर सेकंद. तू पहिलाच राउंड ४:४४ च्या वेगाने मारतोयस, जेव्हा तुझी आजची तयारी ५:४० ची आहे, म्हणजे राउंडला ८५ ची. मग चौथ्याला पाय जड होणार, दम लागणार, आणि ते तुला मन कच्चं असल्यासारखं वाटणार. मन कच्चं नाहीये रे, पहिल्या राउंडला पेस चुकतोय. निम्म्याहून जास्त पोरांचा "मोटिवेशनचा प्रॉब्लेम" मला तरी असाच निघालेला दिसलाय, वही उघडली की पहिला राउंड सुसाट आणि पुढे घसरण. त्यामुळे आता सुरुवातीला सहाही राउंड ८० ला मार, मधे दोन मिनिटं हळू चालत-जॉगिंग करत रेस्ट. पहिले दोन राउंड एकदम सोपे वाटतील, हात शिवशिवतील, पण ७९ च्या खाली जायचं नाही. तिथे स्वतःला आवरणं हेसुद्धा मनाचंच काम आहे आणि चौथ्या राउंडची लढाई खरं तर तिथेच अर्धी जिंकली जाते.

हे नीट केल्यावरही चौथा-पाचवा राउंड जड जाणारच, तो जड जावा म्हणूनच वर्कआउट आहे. तिथे काय करायचं ते सांगतो.

१६०० मध्ये सगळ्यांचा तिसरा राउंड पडतो बघ. पहिल्याला जोश असतो, दुसऱ्यात अजून दम असतो, चौथ्याला शेवट दिसत असतो, तिसऱ्याला यातलं काहीच नसतं. वर्कआउटमध्ये चौथा आणि पाचवा राउंड म्हणजे हाच तिसरा राउंड. म्हणून माझ्या पोरांना मी सांगतो की बाकीचे राउंड पळायची प्रॅक्टिस आहे आणि हे दोन भरतीची. तिथे आलास की "अजून अडीच राउंड राहिले" हा हिशोब डोक्यात येऊच द्यायचा नाही. ४०० चे चार तुकडे कर, वळण, सरळ, वळण, सरळ, आणि प्रत्येक तुकड्याला एकच काम दे. पहिल्या वळणाला फक्त श्वास, नाकातोंडाने पूर्ण बाहेर सोडायचा. सरळला खांदे खाली आणि मुठी ढिल्या, कारण दमलं की आपण मुठी आवळतो, खांदे कानाला लागतात आणि ताकद तिथेच जाते. दुसऱ्या वळणाला पुढच्या पोराच्या पाठीवर नजर, एकटा असशील तर पुढच्या झेंड्यावर किंवा झाडावर. शेवटच्या सरळला फक्त हात, हात जोरात मागे गेले की पाय आपोआप येतात. ८० च्या राउंडला एक तुकडा २० सेकंदाचा. वीस सेकंद एकच काम करायला कुणाचंही मन तयार होतं.

आपला अविनाश साबळे ज्या शर्यतीत पळतो ना, ३००० मीटर स्टीपलचेस, त्यात २८ अडथळे आणि ७ पाण्यावरच्या उड्या असतात. तिथे तुकड्यातुकड्यानेच पळावं लागतं, पुढचा अडथळा सोडून लांबचा विचार केला तर माणूस तोंडावर आपटेल. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा पोरगा, बारावी करून आर्मीत गेला, सियाचीनला ड्युटी केली, पळायच्या स्पर्धांना लागला तो त्यानंतर. आणि २०२२ ला बर्मिंगहॅमच्या कॉमनवेल्थमध्ये, जिथे १९९८ पासून या शर्यतीची तिन्ही मेडलं केनियावालेच नेत होते, तिथे ८:११.२० मध्ये सिल्व्हर, गोल्ड फक्त ०.०५ सेकंदाने हुकलं. ती रेस पूर्ण बघ, शेवटचे दोन राउंड खास बघ, तुझ्या त्या व्हिडिओंपेक्षा जास्त शिकायला मिळेल. त्याचे खांदे कसे राहतात तेवढंच बघितलंस तरी चालेल.

दुसरं, स्वतःशी काय बोलतोस ते ठरवून ठेव. दम लागल्यावर डोकं काहीतरी बोलणारच आणि आपण काही दिलं नसेल तर ते "बास आता, कशाला, पुढच्या वेळी बघू" हेच बोलणार. ब्रिटनमधल्या संशोधकांचा २०१४ चा एक अभ्यास आहे, त्यात लोकांना दोन आठवडे स्वतःशी बोलायची प्रॅक्टिस दिली, आपापली वाक्यं ठरवायला लावली, आणि सायकल थकेपर्यंत मारायला लावल्यावर ते आधीपेक्षा साधारण १८ टक्के जास्त वेळ टिकले. शरीर तेच, सायकल तीच. वाक्य छोटं पाहिजे आणि तुझ्या बोलीतलं पाहिजे. माझ्याकडची एक मुलगी ८०० मीटरला "चल गं, वळणापर्यंत" एवढंच म्हणायची, प्रत्येक वळणाला. वाक्य आदल्या रात्री वहीत लिहून ठेव, ग्राउंडवर सुचत नाही.

तिसरं म्हणजे वर्कआउट कधी करतोस. तू लिहिलंयस की दिवसभर लायब्ररीत लेखीचा अभ्यास, गणित-बुद्धिमत्ता, आणि संध्याकाळी सहाला ग्राउंड. हे मला सगळ्यात जास्त खटकलं. २००९ मध्ये सॅम्युएले मार्कोरा नावाच्या संशोधकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी लोकांना ९० मिनिटं डोकं शिणवणारं काम कॉम्प्युटरवर करायला लावलं आणि मग सायकलवर बसवलं, तर ते साधारण १५ टक्के आधीच थांबले. हृदय, स्नायू यांत काही विशेष फरक नव्हता, फक्त तेवढाच जोर त्यांना जास्त जड वाटत होता. तू तर पाच-सहा तास डोकं शिणवून जातोस. त्यामुळे मंगळवार-शुक्रवारचा कडक वर्कआउट पहाटे घे, अभ्यासाच्या आधी, आणि उठल्यावर मोबाइल हातात न घेता. भरतीचं ग्राउंडही बहुतेक सकाळीच असतं, तीही सवय होईल. संध्याकाळी सोपं काम ठेव, हलकं जॉगिंग, गोळा, जोर-बैठका.

थांबायचा एक नियम करून टाक. राउंडच्या मधे थांबायचं नाही, थांबायचं असेल तर राउंड संपल्यावर, रेस्टमध्ये ठरवायचं. आणि रेस्टमध्ये वाटलं की आता नको, तर पुढच्या राउंडचे पहिले १०० मीटर पळून मग ठरवायचं. बहुतेक वेळा १०० मीटर गेले की पाय लागतात आणि पोरगं राउंड पुरा करतं. ते १०० मीटर २१-२२ सेकंदाच्या वर गेले तर मात्र निवांत बंद कर, त्या दिवशी शरीरात नाही, घरी जा, झोप. त्याचा राग धरायचा नाही.

पण हा नियम दमाला आणि पायाच्या जळजळीला लागू आहे, सगळ्याला नाही. छातीत दुखणं, चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी, उन्हात घाम येणं बंद होणं, नडगीच्या हाडात एका जागी टोचल्यासारखं दुखणं, यातलं काहीही झालं तर तिथल्या तिथे थांब, राउंड बिउंड गेला खड्ड्यात. २०१४ च्या जूनमध्ये मुंबईच्या भरतीत ५ किलोमीटर पळताना पोरं गेली होती रे, मेहनतीचीच पोरं होती ती. कुणी ग्राउंडच्या आधी इंजेक्शन किंवा पेनकिलर देतो म्हणाला तर त्याच्या जवळपासही फिरकू नकोस, दुखणं दबलं की कुठे थांबायचं तेच कळत नाही.

आणि जमलं तर जोडीदार शोध, तुझ्याहून पाच-सात सेकंदांनी फास्ट असलेला. चौथ्या-पाचव्या राउंडला त्याने पुढे राहायचं, बाकी राउंडला तू. एकट्याने सहा राउंड मारायला जेवढं मन लागतं त्याच्या निम्म्यात काम होतं.

या मंगळवारी पहाटे सहा राउंड ८० ने मार, सहाही टायमिंग वहीत लिही, आणि चौथ्या-पाचव्याला प्रत्येक तुकड्यात काय चाललं होतं डोक्यात तेही दोन ओळीत लिही. ते मला पाठव. पाचवा आणि सहावा ८१ च्या आत आले असतील तर पुढच्या आठवड्यात ७९ करू, नसतील तर ८२ वर येऊ आणि रेस्ट अर्धा मिनिट वाढवू.