पाण्यावर कुठं वाट असते का?

प्रश्न : ताई नमस्कार, मुलाकडे मेरीलँडला गेलो होतो तेव्हा पाण्याकाठी एक पाटी पाहिली, कॅप्टन जॉन स्मिथच्या नावाची राष्ट्रीय ऐतिहासिक ट्रेल म्हणे. पण वाट वगैरे काहीच नाही, समोर नुसतं पाणी! ही काय भानगड आहे? आणि आपल्याकडे असं काही होऊ शकतं का? – एक वाचक, कोथरूड

उत्तर : काका, पाटी बरोबरच होती. ही ट्रेल सगळी पाण्यातच आहे, लांबी साधारण ३,००० मैल म्हणजे ४,८०० किलोमीटरच्या आसपास.

जॉन स्मिथ हा अमेरिकेतल्या जेम्सटाउन या इंग्रज वसाहतीतला माणूस. १६०८च्या उन्हाळ्यात तीसेक फुटी उघड्या बोटीतून डझनभर माणसं घेऊन त्यानं दोन फेऱ्यांत चेसापीक बे ही मोठी खाडी आणि तिला मिळणाऱ्या नद्या पालथ्या घातल्या. (एके ठिकाणी स्टिंगरे माशानं त्याला असा काटा मारला की हा आता जगत नाही म्हणून सोबत्यांनी कबर खणली, आणि संध्याकाळी पठ्ठ्या तोच मासा खायला बसला! त्या जागेला अजून स्टिंगरे पॉइंट म्हणतात.)

बोट गेली की पाण्यावर खूण राहत नाही, मग मार्ग ठरवला कसा, तर त्याच्या लिखाणावरून आणि १६१२ साली छापलेल्या नकाशावरून. त्या नकाशात नद्यांवर बारके क्रॉस आहेत, क्रॉसपर्यंतचं स्वतः पाहिलेलं आणि त्याच्या पलीकडचं तिथल्या मूळ लोकांनी सांगितलेलं, असं त्यानं सरळ कबूल केलंय. मला हे सगळ्यात भारी वाटतं, कारण त्या लोकांची गावं तिथं आधीपासून होती, वाटा त्यांना पाठ होत्या, त्यामुळे स्मिथनं ‘शोध लावला’ म्हणणं जरा जास्तच होतं.

कायद्याचं म्हणाल तर अमेरिकेत ट्रेल्ससाठी १९६८चा वेगळा कायदाच आहे. मार्ग खरंच वापरात होता का, देशाच्या इतिहासात त्याला वजन आहे का, आणि आजच्या लोकांना तिथं जाऊन काही बघता-करता येईल का, हे तपासतात. इथंही नॅशनल पार्क सर्व्हिसनं (तिथलं राष्ट्रीय उद्यानांचं सरकारी खातं) आधी अभ्यास केला, मग संसदेनं मंजुरी दिली आणि १९ डिसेंबर २००६ला राष्ट्राध्यक्ष बुश यांची सही झाली, जेम्सटाउनला ४०० वर्षं होण्याच्या तोंडावर. पूर्णपणे पाण्यावरची ही पहिली राष्ट्रीय ऐतिहासिक ट्रेल. २०१२मध्ये सस्क्वेहॅनासारख्या नद्याही जोडल्या.

सही झाली म्हणून काठ सरकारचा होत नाही बरं का, मालकाच्या संमतीशिवाय खासगी जमीन घ्यायची नाही असं कायद्यातच आहे. म्हणून खरं काम म्हणजे राज्यांशी, जमीनवाल्यांशी बोलून कायाक (वल्ह्याच्या छोट्या होड्या) पाण्यात सोडायच्या जागा मिळवणं, पाट्या लावणं वगैरे. पाण्यात बॉया म्हणजे तरंगती उपकरणंसुद्धा आहेत, ती वारा, लाटा, पाण्याचं तापमान सांगतात आणि त्या ठिकाणचा इतिहासपण.

आता आपल्याकडचं. आपला १९५८चा कायदा स्मारकं आणि स्थळं सांभाळतो, लांबलचक मार्ग त्यात नीट बसत नाही. २०१६च्या कायद्यानं १११ राष्ट्रीय जलमार्ग जाहीर झाले पण ते वाहतुकीसाठी. पुण्यात मुठेचं नाव घेऊ नका, रेगाटाचे (नौकानयनाच्या कार्यक्रमाचे) दिवस सोडले तर त्या पाण्याजवळ कोण जातं! पण समुद्रावर मस्त जमेल. शिवाजी महाराज १६६५मध्ये मालवणहून आरमार घेऊन थेट कर्नाटकातल्या बसरूरवर गेले होते, तो मार्ग घ्या की! २०२५मध्ये युनेस्कोच्या यादीत आपले किल्ले गेले त्यात सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग, खांदेरी आहेतच, म्हणजे किल्ल्यांचं झालं, त्यांना जोडणारं पाणी राहिलं. फक्त मालवण ते बसरूर म्हणजे महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक अशी तीन राज्यं आली, तेव्हा कुठल्या जेट्टीवर कोणाला उतरू द्यायचं यावरच पहिली मीटिंग घ्यावी लागेल, आणि त्या मीटिंगला कोळी बांधवांना बोलवा म्हणजे झालं, नाहीतर उगाच भांडणं.