म्हाताऱ्या कुत्र्याचा खान्देशी उन्हाळा

तुमचा दहा वर्षांचा कुत्रा अलीकडे पाणी फार पितो आणि रात्री घरातच लघवी करतो, म्हणून त्याला रागावण्यापूर्वी रक्ताची व लघवीची तपासणी करून घ्यावी, कारण मूत्रपिंडाचे विकार आणि मधुमेह बहुधा अशाच लक्षणांनी प्रथम दिसतात. पाणी मात्र कधीही तोडू नये.

जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो. कुत्र्याचे शरीर घामाने नव्हे, तर मुख्यतः धापा टाकून थंड होते आणि हृदय किंवा फुप्फुसे थकलेल्या जनावराला तेही पुरेसे जमत नाही. त्यामुळे त्याला सूर्योदयाच्या सुमारासच फिरवावे आणि दुपारी पत्र्याच्या छपराखाली मुळीच बांधू नये. गुळगुळीत फरशीवर त्याचे मागचे पाय घसरत असतील, तर गोणपाट अंथरावे. सांधे दुखतात म्हणून घरातली आयबुप्रोफेनची गोळी देणे धोक्याचे आहे. तिने जठरात व्रण होतात आणि मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात.

भरीत-भाकरीचा घास त्याला प्रेमाने भरवला जातो (आपल्याकडे हा आग्रह मोडणे कठीणच), परंतु भरितातील कांद्याची पात व लसूण कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी नष्ट करतात.

काही जण असे जनावर शेताकडे सोडून येतात. उपाशी-तहानेले राहील अशा स्थितीत त्याला विनाकारण सोडणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे. वेदना आवरेनाशा झाल्यास दयामरणाविषयी पशुवैद्यांशी स्पष्ट बोलावे आणि त्या वेळी स्वतः त्याच्याजवळ थांबावे.