खनिजाची मागणी आणि विहिरीचे पाणी

प्रश्न : चीनमधील पोलादाच्या मागणीमुळे गोव्यातील विहिरी आटल्या, हे म्हणणे अतिशयोक्त नाही का?

उत्तर : विधान ढोबळ आहे; त्यामागील कार्यकारणभाव मात्र खरा आहे. गोव्याचे लोहखनिज बहुतांशी कमी प्रतीचे असल्याने देशातील पोलाद कारखाने त्याला फारसे विचारत नसत. 2000 नंतर चिनी कारखाने तोच माल उच्च प्रतीच्या खनिजात मिसळून वापरू लागले आणि दर चढत गेले, तसे पूर्वी टाकाऊ म्हणून रचलेले ढीगही निर्यातयोग्य ठरले. 2010-11 च्या सुमारास जेमतेम 3,702 चौरस किलोमीटरच्या या राज्यातून वर्षाला सुमारे 5 कोटी टन खनिज बाहेर जात होते. खाण भूजलपातळीच्या खाली उतरली की तळाशी झिरपणारे पाणी सतत उपसावे लागते, आणि त्या उपशाबरोबर भोवतालच्या विहिरींची पातळीही खाली जाते. शिवाय एक टन खनिजामागे साधारण अडीच ते तीन टन माती-दगड बाजूला काढावे लागतात. पावसाळ्यात त्या ढिगांचा गाळ भातशेतीत आणि नदीत उतरतो. विहिरीचे हे पाणी खनिजाच्या दरात कोणी धरले नव्हते.

प्रश्न : मग न्यायालयाच्या बंदीने हा प्रश्न सुटला का?

उत्तर : नाही. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2012 मध्ये खाणकाम थांबवले, एप्रिल 2014 मध्ये वर्षाला 2 कोटी टनांची मर्यादा घालून परवानगी दिली आणि 2018 मध्ये 88 खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले. खाण बंद पडली तरी खड्डा आणि ढीग जागेवरच राहतात. ट्रक-बार्जवर पोट असणाऱ्यांचे उत्पन्न बुडाले, हेही नाकारता येत नाही. माझ्या मते मर्यादा आधीच घातली असती, तर बंदीची वेळ आली नसती.

प्रश्न : भंगार पुन्हा वितळवून नव्या खाणी टाळता येणार नाहीत का?

उत्तर : काही प्रमाणातच. पूल आणि इमारतींतील पोलाद अनेक दशके अडकून पडते, त्यामुळे वापर वाढत असताना भंगार नेहमी अपुरे पडते. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमानुसार 1970 मध्ये जगभरात सुमारे 3,000 कोटी टन कच्चा माल काढला जात होता. आज तो आकडा 10,000 कोटींच्या पुढे आहे, आणि त्यात वाळू-खडीचा वाटा फार मोठा आहे.

प्रश्न : विजेवरची मोटार घेतली तर?

उत्तर : धूर कमी होईल, पण तांबे आणि लिथियम जास्त लागेल. मोटार लहान घ्यावी.