तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात सिगरेट परत का सुरू होते, आणि मदत नेमकी कशी मागायची

तुम्ही लिहिलंय त्यावरून थोडक्यात असं दिसतं: दिवसाला पंधराएक सिगरेटी, पहिली उठल्यापासून दहा मिनिटांत. दोनदा सोडलीत, दोन्ही वेळा तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मित्रांसोबत बसल्यावर परत सुरू झाली. निकोटीनचा २ मिलिग्रॅमचा गम घेतलात, पण उचक्या आणि जळजळ होऊ लागल्यावर बंद केलात. घरचे रोज चौकशी करतात आणि त्यानेच तुमची चिडचिड वाढते. इच्छाशक्तीला दोष देऊ नका. यातल्या बऱ्याच गोष्टी दुरुस्त करता येण्यासारख्या आहेत.

आधी गम. उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत ज्याला पहिली सिगरेट लागते त्याच्यासाठी ४ मिलिग्रॅमचा गम असतो. २ चा पुरत नाही, तलफ तशीच राहते, मग माणूस तो साध्या च्युइंगगमसारखा भराभर चावतो. निकोटीन लाळेबरोबर पोटात जातं. तिथून त्याचा फारसा उपयोग होत नाही, उचक्या, मळमळ आणि जळजळ मात्र होते. ते शोषलं जायला हवं तोंडाच्या आतल्या त्वचेतून. म्हणून सावकाश चावायचं, चव तिखटसर लागली किंवा हिरडीला मुंग्या आल्या की थांबायचं आणि गम गाल व हिरडीच्या मध्ये ठेवून द्यायचा. मिनिटभराने मुंग्या ओसरल्या की पुन्हा थोडं चावून दुसऱ्या बाजूला. एक गम साधारण अर्धा तास चालतो. गम घेण्याआधी १५ मिनिटं आणि तो तोंडात असेपर्यंत काही खाऊ-पिऊ नका; कॉफी, फळांचा रस, कोला तर नकोच, कारण तोंडात आम्लता असली की निकोटीन नीट शोषलं जात नाही. नुसत्या गमवर राहायचं तर पहिले ६ आठवडे दर एक-दोन तासांनी एक, तलफेची वाट न बघता. पुढचे ३ आठवडे दर दोन-चार तासांनी, त्यापुढचे ३ आठवडे दर चार-आठ तासांनी. दिवसाला २४ च्या वर नाही.

पण तुमच्याइतकी सवय असेल तर मी पॅच (त्वचेवर चिकटवायची निकोटीनची पट्टी) आणि गम दोन्ही एकत्र सुचवेन. एकट्या-दुकट्या उपायापेक्षा ही जोडी जास्त जणांना उपयोगी पडते. दिवसाला १० पेक्षा जास्त सिगरेटी असतील तर २१ मिलिग्रॅमचा पॅच ६ आठवडे, मग १४ चा २ आठवडे, ७ चा २ आठवडे. दंडावर किंवा छातीवर, केस नसलेल्या कोरड्या जागी लावायचा आणि जागा रोज बदलायची, नाहीतर त्वचा लाल होते. पॅच दिवसभराचा पाया सांभाळतो, गम अचानक उसळणाऱ्या तलफेसाठी. रात्री विचित्र स्वप्नं पडली तर झोपताना पॅच काढता येतो, मात्र नव्या पॅचचा परिणाम चढायला काही तास लागतात, त्यामुळे सकाळी उठल्या उठल्या तो लावून लगेच एक गम घ्या. गर्भारपण, नुकताच आलेला हृदयविकाराचा झटका किंवा इतर आजार असेल तर हे सगळं डॉक्टरांना विचारूनच. तलफ कमी करणारी व्हॅरेनिक्लिनची गोळीही चांगली आहे. ती डॉक्टर लिहून देतात आणि सोडण्याच्या तारखेच्या साधारण आठवडाभर आधी सुरू होते.

एक गोष्ट फार कमी जण सांगतात. सिगरेटच्या धुरामुळे यकृत कॅफीन वेगाने संपवत असतं. धूर थांबला की तीच कॉफी रक्तात जास्त वेळ रेंगाळते. छातीत धडधड, हात थरथरणं, झोप उडणं याला लोक निकोटीनची ओढ समजतात आणि सिगरेट पेटवतात. हा परिणाम धुराचा आहे, निकोटीनचा नाही, म्हणून पॅच लावूनही तो टळत नाही. पहिल्या दिवसापासून चहा-कॉफी निम्मी करा. क्लोझापिन, ओलान्झापिन (दोन्ही मानसिक आजारांवरची) किंवा थिओफिलिन (दम्यावरचं) ही औषधं चालू असणाऱ्यांनी तारीख ठरवण्याआधी डॉक्टरांना सांगायलाच हवं, कारण या औषधांची रक्तातली पातळीही अशीच वाढते.

आता तो तिसरा-चौथा आठवडा. शरीराची ओढ पहिल्या दोन-तीन दिवसांत सर्वात तीव्र असते आणि दोन ते चार आठवड्यांत ओसरते. मग वाटतं, जमलं. औषध बंद होतं, आजूबाजूच्यांचं लक्षही उडतं. पण जेवणानंतरची, फोनवर बोलतानाची, मित्रांच्या घोळक्यातली सवय अजून जिवंत असते. म्हणून औषधाचा कोर्स पूर्ण करा आणि मदतीचं वेळापत्रक किमान तीन महिन्यांचं आखा.

मदत मागताना कामं वाटून द्या. घरच्यांना सांगा: 'रोज विचारू नका, रविवारी मी स्वतः सांगेन. मी चिडलो तर वाद न घालता दहा मिनिटं एकटं सोडा.' एका मित्राला फक्त फोनसाठी ठेवा, शक्यतो स्वतः सिगरेट सोडलेला. 'तलफ आली की फोन करेन, उपदेश नको, पाच मिनिटं कशावरही बोल' एवढंच त्याचं काम. तलफेची लाट बहुधा तेवढ्यात उतरते. ओढणाऱ्या मित्रांना आधीच मेसेज करा की मी मागितली तरी देऊ नका. आणि पहिला महिना त्यांना अशा ठिकाणी भेटा जिथे ओढताच येत नाही. दारू असेल ती बैठक या महिन्यात टाळाच, कारण दोन पेगांनंतर ठरवलेलं काहीच आठवत नाही. समुपदेशक किंवा हेल्पलाइन घेतलीत तर पहिलं बोलणं तारखेच्या आधी ठेवा आणि चौथ्या, आठव्या, बाराव्या आठवड्यातले फोन तेव्हाच ठरवून घ्या. औषध आणि समुपदेशन एकत्र असलं की निभाव लागण्याची शक्यता दोन्हींपैकी कुठल्याही एकापेक्षा जास्त.

मध्येच एखादी ओढली गेलीच तर पॅच काढून टाकू नका, उरलेलं पाकीट मात्र लगेच फेका. त्याच दिवशी फोनवाल्या मित्राला सांगा आणि तीन गोष्टी लिहून ठेवा: कुठे होतात, सोबत कोण होतं, शेवटचा गम किती वाजता घेतला होता. तिसऱ्या गोष्टीचं उत्तर 'सकाळी' असंही निघू शकतं. तसं असेल तर दुपारनंतरच्या गमसाठी फोनवर गजर लावा आणि दुसऱ्या दिवशीपासून ठरलेलं वेळापत्रक तसंच पुढे चालू ठेवा.