वाचकांचे प्रश्न : कालवं उघडायला कोणती सुरी घ्यावी?

प्रश्न : घरी ताजी कालवं आणून स्वतः उघडायची असं ठरवलंय. सुरी बघायला गेले तर न्यू हेवन, बोस्टन, गॅल्व्हस्टन, फ्रेंच अशी नावं पुढे आली. प्रत्येकीचा आकार वेगळा, आणि धार तर एकीलाही धड नाही. आम्ही घरात चौघं, एका वेळी दोन-अडीच डझन कालवं खाणारे. पहिली सुरी कोणती घेऊ?

उत्तर : न्यू हेवन घ्या. का ते सांगते, म्हणजे नाव न छापलेली सुरी हातात आली तरी तुम्हाला ती पारखता येईल.

फ्रेंच सोडली तर धार नाही हे तुम्ही बरोबर हेरलंत, आणि ती नसते तेच चांगलं. कालवाच्या दोन शिंपा निमुळत्या टोकाला बिजागरीने जोडलेल्या असतात. त्या बिजागरीतला बंध शिंपा उघडायला बघत असतो आणि आतला एक जाड स्नायू त्यांना ओढून मिटून धरतो. म्हणजे सुरीला दोन कामं आहेत. आधी बिजागरीत टोक घालून ती उचकटायची, मग आत सरकून स्नायू सोडवायचा. पहिल्या कामाला जाड, ताठ, आखूड पातं हवं. दुसऱ्याला पातळ, सपाट आणि आतपर्यंत पोचणारं. बाजारातले सगळे आकार म्हणजे या दोन कामांमध्ये केलेल्या तडजोडी आहेत, कोणी इकडे झुकतो, कोणी तिकडे.

न्यू हेवनचं पातं आखूड आणि रुंद असतं, टोक किंचित वर वळलेलं. त्या वळणामुळे बिजागरीत तरफ चांगली मिळते, आणि आत गेल्यावर टोक वरच्या शिंपेला चिकटून चालतं, मांसात घुसत नाही. नवख्या हाताला याचा फार उपयोग होतो. बोस्टनचं पातं जास्त लांब, अरुंद आणि सरळ, मूठ गोलसर फुगीर. मोठ्या कालवांना ती छान, पण लांब पातं सटकलं तर दूरवर जातं, म्हणून पहिली सुरी म्हणून मी ती सुचवत नाही. गॅल्व्हस्टन त्याहून रुंद, तळहाताएवढ्या कालवांसाठी. फ्रेंच सुरी भाल्यासारखी टोकदार आणि दोन्ही कडांना धार असलेली. ती बिजागरीतून घालायची नसतेच, बाजूने, स्नायूच्या जवळून घालायची असते. युरोपातल्या चपट्या कालवांवर सराईत माणूस ती चालवतो तेव्हा बघत राहावंसं वाटतं. पण पहिल्या डझनाला ती हातात घेऊ नका.

दुकानात गेलात की आधी मूठ बघा, पातं नंतर. मी हॉटेलात कालवांच्या काउंटरवर कितीतरी वर्षं उभी राहिले आहे. तिथे नव्या मुलांच्या हाताला लागायचं ते बहुतेक वेळा मूठ निसटल्यामुळे. शक्य असेल तर हात ओला करून मूठ धरून बघा. काम करताना हात ओलाच असणार, वर खारं पाणी, चिखल, शिंपेची भुकटी. तळहात भरेल एवढी जाड, पृष्ठभाग खरबरीत, आणि पात्याकडच्या टोकाला थोडी फुगीर म्हणजे बोट पुढे घसरणार नाही, अशी मूठ हवी. गुळगुळीत पॉलिशची लाकडी मूठ दिसायला देखणी असते, पण ओल्या हातात ती फिरते.

मग पात्याचं टोक एखाद्या लाकडावर टेकवून दाबा. ते जराही वाकलं तर सुरी परत ठेवा. पातं मुठीत किती खोल गेलंय तेही विचारा. जिथे ते मुठीत शिरतं तिथे हलत असेल तर पिळताना तिथेच दगा देईल. स्टील स्टेनलेस असावं. एवढं जमलं की बाकी ब्रँडचं नाव तुमच्या आवडीवर.

प्रश्न : वेगळी सुरी घ्यायची गरजच आहे का? घरात चांगला शेफ नाइफ आहे, भाजीचा छोटा चाकू आहे, नाहीतर सपाट टोकाचा स्क्रूड्रायव्हर आहे.

उत्तर : शेफ नाइफ आणि भाजीचा चाकू, दोन्हींना माझा स्पष्ट नकार. धारदार पातं कापण्यासाठी घासलेलं असतं, त्याची कड पातळ असते. ते बिजागरीत घालून पिळलंत तर टोक तुटून कालवात राहील. पिळलं नाही आणि नुसतं ढकललंत तर एका क्षणी शिंप सुटेल आणि तो सगळा जोर तुमच्या दुसऱ्या हाताच्या तळव्यात जाईल.

स्क्रूड्रायव्हर त्या मानाने बरा, कारण तो ताठ असतो आणि त्याला धार नसते. बिजागरी उचकटेल. पण त्याचं टोक जाड, त्यामुळे कडा फुटतात, आतल्या पाण्यात शिंपेचे कण पडतात आणि स्नायू सोडवायला तुम्हाला दुसरं पातं शोधावंच लागतं. अडल्या वेळी, नवा कोरा आणि स्वच्छ धुतलेला असेल तर वापरा. हत्यारांच्या पेटीतला, तेल लागलेला मात्र नको. महिन्यातून एकदा जरी कालवं आणणार असाल तर सरळ सुरी घ्या, ती वर्षानुवर्षं टिकते.

प्रश्न : कापण्यापासून बचाव करणारा विणलेला हातमोजा घातला होता, तरी सुरीचं टोक आरपार गेलं आणि तळव्याला टोचलं. मोजा हलका निघाला की माझंच काही चुकलं?

उत्तर : आधी हाताबद्दल. जखम लाल होत असेल, सुजत असेल, ठणकत असेल, ताप वाटत असेल तर आजच डॉक्टरांकडे जा आणि "कालव उघडताना लागलं" हे न विसरता सांगा. समुद्राच्या कोमट पाण्यात व्हिब्रिओ व्हल्निफिकस नावाचा जिवाणू असतो, तो जखमेतून शरीरात शिरतो आणि काही लोकांमध्ये फार झपाट्याने पसरतो. यकृताचा आजार, मधुमेह किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी तर वाटच बघू नये. आणि एरवीही, कितीही लहान टोचलं तरी काम तिथल्या तिथे थांबवून साबण आणि भरपूर वाहत्या पाण्याने जखम धुवायची.

आता मोजा. तो हलका नसावा, पण त्याचं काम वेगळं. विणलेला कट-रेझिस्टंट मोजा पात्याची कड घासत गेली तर अडवतो. टोक सरळ घुसलं तर ते दोन धाग्यांमधून वाट काढतं. कालव उघडताना धोका सुरीच्या टोकाचा आणि शिंपेच्या कडेचा, त्यामुळे दोन्ही अडवणारा मोजा लागतो.

मोज्यावर हातोड्याचं चित्र आणि ईएन ३८८ (हे संरक्षक मोज्यांचं युरोपीय मानक) असं छापलेलं असेल तर त्याखाली चार आकडे आणि एक-दोन अक्षरं असतात. पहिला आकडा घासण्याचा, दुसरा कापण्याचा, तिसरा फाटण्याचा आणि चौथा टोचण्याचा. दुकानदार कापण्याचा आकडा दाखवतात. तुम्ही चौथा वाचा. तो ० ते ४ असतो, ३ किंवा ४ असलेला घ्या. तिथे फुली, म्हणजे इंग्रजी एक्स असेल, तर ती चाचणी झालेलीच नाही असं समजा. मात्र ही चाचणी ठरावीक जाडीच्या खिळ्याने होते, सुरीचं टोक त्याहून बारीक असू शकतं. म्हणून ४ आकडा बघूनही हात बिनधास्त पुढे करू नका. स्टीलच्या कड्यांचा जाळीदार मोजाही मिळतो. तो कडेला उत्तम, पण फ्रेंच सुरीचं बारीक टोक कडीतून जाऊ शकतं, आणि ओलं कालव त्यावर घसरतं.

मी स्वतः काय करते? विणलेल्या मोज्यावर जाड रबरी मोजा, आणि कालव चार घड्या घातलेल्या जाड टॉवेलात. बिजागरी तेवढी बाहेर. खोलगट शिंप खाली, चपटी वर. कालव टेबलावर टेकलेलं असतं, तळव्यात उचलून कधीच नाही. बोटं टॉवेलाच्या घडीमागे, सुरीच्या रेषेत एकही नाही.

आणि "माझं काही चुकलं का" याबद्दल. तुम्ही ढकलत होतात, असं मला टोचण्याच्या जागेवरून वाटतं. टोक बिजागरीत टेकवून डावी-उजवीकडे हलवत बसवायचं. मुठीवरची पकड क्षणभर सैल करा. सुरी न पडता तशीच उभी राहिली तर टोक बसलं. तिथून पुढे ढकलणं पूर्ण बंद, फक्त मनगट पिळायचं. आतून टक् असा बारीक आवाज येतो आणि बिजागरी सैल होते. पातं बाहेर काढून पुसा, कारण सगळा चिखल तिथेच साठलेला असतो. मग वरच्या शिंपेला आतून घासत पातं उजवीकडे न्या. बिजागरी तुमच्याकडे असेल तर घड्याळातल्या दोन-तीनच्या जागी स्नायू लागतो. तो सुटला की वरची शिंप अलगद हातात येते. दोन-तीनदा पिळूनही बिजागरी सुटली नाही तर जोर वाढवू नका, ते कालव बाजूला ठेवा आणि पुढचं घ्या.

प्रश्न : वडिलांना कालवं फार आवडतात, पण सांधेदुखीमुळे बोटांत जोर राहिलेला नाही. उघडण्याचा मान त्यांना सोडायचा नाही. तरफेचं यंत्र घेऊ का?

उत्तर : त्यांची हौस जपताय, फार बरं वाटलं. टेबलावर ठेवायचं तरफेचं यंत्र बिजागरी छान उचकटतं, हाताला जोर लागत नाही. स्नायू मात्र सुरीनेच सोडवावा लागतो, म्हणजे एक साधी सुरी हवीच. विकत घेताना यंत्राच्या तळाला रबर आहे का आणि तुमची कालवं त्याच्या खाचेत नीट बसतात का ते बघा. लांबट, वेड्यावाकड्या आकाराची कालवं काही यंत्रांत फिरतात.

त्याआधी लाकडी खाचेचा ठोकळा आणून बघा. कालव खाचेत बसतं, धरणाऱ्या हाताचं काम जवळजवळ संपतं. सोबत गोल फुगीर मुठीची सुरी द्या. बारीक मूठ आवळायला बोटांना जास्त त्रास होतो.

कालवं शिजवूनच खाणार असाल तर सुरीशी झटापटच नको. उकळत्या पाण्यात टाका. तोंड उघडलं की आणखी ३ ते ५ मिनिटं उकळू द्या. नाहीच उघडलं ते फेकून द्या. वडिलांना मधुमेह किंवा यकृताचा त्रास असेल तर कच्चं देऊच नका. लिंबाने किंवा तिखट सॉसने जिवाणू मरत नाहीत.

प्रश्न : मी डावखुरा आहे. वेगळी सुरी लागेल का? आणि सुरीला धार लावून घेऊ का?

उत्तर : वेगळी लागत नाही. न्यू हेवनचं टोक वर वळलेलं असतं, बाजूला नाही. मोजा तेवढा उजव्या हाताचा घ्या, जोडी मिळाली तर दोन्ही घाला. धार लावू नका. टोकाला खाच पडली असेल तर कानशीने हलकेच घासून सारखं करा. काम झाल्यावर लगेच धुऊन कोरडी करा, लाकडी मूठ पाण्यात भिजत ठेवू नका. आणि त्याच वेळी एक ताठ केसांचा ब्रश घेऊन या. उघडण्याआधी कालवं वाहत्या थंड पाण्याखाली त्याने घासली की निम्मा चिखल तिथेच जातो.