अर्धवट राहिलेली एमजीबी: पूर्ण करून विकावी की आहे तशीच?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कोव्हेंट्रीत राहता, १९७० ची एमजीबी रोडस्टर (एमजी कंपनीची उघडी ब्रिटिश स्पोर्ट्स कार) सात वर्षं गॅरेजमध्ये सुटी करून ठेवली आहे. इंजिन बाहेर आहे, सिल्स (दारांखालचा बॉडीचा पत्रा) बदलून झाल्यात, रंग बाकी आहे. आता घर बदलायचंय, तेव्हा पूर्ण करून विकू की आहे तशी, आणि किती येतील?

आहे तशी विका. पण 'आहे तशी' म्हणजे आज गॅरेजचं दार उघडल्यावर दिसते तशी नव्हे. दोन-तीन शनिवार-रविवार तिच्यावर खर्च करा, मग जाहिरात द्या.

चार वर्षांपूर्वी मी लेस्टरला हेच भिजत घोंगडं घेऊन बसलो होतो. माझी १९७२ ची. २,६०० पौंडांना घेतली, वर ५,४०० घातले (पावत्यांची बेरीज एकदाच केली, पुन्हा हिंमत झाली नाही) आणि ३,२०० ला गेली. नुकसान झालं, नाही कशाला म्हणू? पण राहिलेलं काम बघा: इंजिन, हूड (म्हणजे कापडी छप्पर), सीटा, क्रोम, आणि रंगाचंच कोटेशन ४,५०० च्या वर होतं. एवढं करून हातात काय येणार होतं? एक बरी एमजीबी. १९६२ ते १९८० या काळात या गाड्या पाच लाखांवर निघाल्या. चांगल्या चालत्या गाड्या बाजारात कायम असतात, त्यामुळे भाव एका मर्यादेपुढे जात नाही. जॅग्वार ई-टाइपसारखी महागडी गाडी असती तर मी वेगळं सांगितलं असतं.

तुमचं गिऱ्हाईक म्हणजे स्वतः हाताने काम करणारा माणूस. तो स्वतःची मजुरी धरत नाही, म्हणूनच त्याला ही गाडी परवडते. त्याला भीती दोनच गोष्टींची: झाकलेला गंज आणि हरवलेले भाग. यातली दुसरी एमजीबीपुरती फारशी नाही, कारण हिचं जवळजवळ सगळं नवं मिळतं. ब्रिटिश मोटर हेरिटेज या कंपनीने १९८८ पासून अख्खी बॉडी नवी बनवायला घेतली, मग दिव्याची काच काय चीज आहे! राहिला गंज, म्हणजेच सिल्स.

हिच्या आधीचं मॉडेल एमजीए, तिला खाली वेगळी चासी होती. एमजीबीला ती नाही, पत्र्याची बॉडी हीच चासी. त्यात रोडस्टरला पक्कं छप्पर नाही, म्हणजे सगळा भार सिल्सवर. आणि सिल म्हणजे दाराखाली बाहेरून दिसते ती पट्टी नव्हे. बाहेरची सिल, मधला उभा पत्रा, आतली सिल आणि खालचं कॅसल सेक्शन मिळून एक पेटी होते. कुजलेल्या पेटीवर नवी पट्टी चिकटवून विकलेल्या गाड्या काही कमी नाहीत. शिवाय जुनं कापताना दाराच्या चौकटीत आडवा पाइप टाकून आधार दिला नाही, तर गाडी मधून खचते आणि दार म्हणून बसत नाही.

म्हणून जाणकार माणूस आला की आधी दारं मागतो. माझ्याकडे डर्बीहून एक निवृत्त गृहस्थ आले. चहा नको म्हणाले, इंजिनकडे पाहिलंही नाही. "दारं कुठे आहेत?" दारं माळ्यावर सोलापुरी चादरीत गुंडाळलेली. उतरवली, दोघांनी मिळून बिजागऱ्यांवर चढवली. मग त्यांनी खिशातून एक-एक पौंडाची दोन नाणी काढली, चिमटीत एकत्र धरली आणि दाराच्या मागच्या फटीतून सावकाश खालून वर नेली. अगदी वरच्या कोपऱ्यात नाणी जरा अडली. माझा जीव टांगणीला. त्यांनी दार दोनदा उचलून पाहिलं, म्हणाले, "हे बिजागरीत निघेल." म्हणजे बॉडी खचलेली नव्हती. पुढची घासाघीस फक्त दोनशे पौंडांची झाली.

तेव्हा तुम्ही दारं आधीच लावून ठेवा आणि गाडी चाकांवर आणा. ब्रेक नसले तरी चालेल, ढकलली की सरकली पाहिजे. चाकांवरची बॉडी एक माणूस विंचने ट्रेलरवर घेतो. विटांवरची न्यायची तर त्याला चार मित्र जमवावे लागतात, आणि त्या कष्टाचे पैसे तो तुमच्या किमतीतून कापतो.

एक मोह मात्र टाळा. विकायचीय म्हणून वेल्डिंगवर प्रायमर किंवा खालून काळं अंडरसील (गंज रोखणारा लेप) मारू नका. ताजा काळा थर दिसला की माणूस समजतो, काहीतरी लपवलंय. वेल्डिंगच्या रेघा उघड्या राहू द्या. काम चालू असतानाचे फोटो, विशेषतः बाहेरची सिल बसवण्याआधीचे, असतील तर तेच तुमचं खरं भांडवल.

आता खोकी. आमचे बाबा साताऱ्याहून तीन महिने आले होते तेव्हा त्यांनी सगळे नट-बोल्ट पिशव्यांत भरून चिठ्ठ्या लावल्या. वळणदार अक्षरात, मराठीत! 'डावे दार, वरची बिजागरी.' 'हे कशाचे ते विचारणे.' एसयू कंपनीचे दोन्ही कार्ब्युरेटर आईच्या चकलीच्या डब्यात. डर्बीच्या माणसाला काय कळणार? एक अख्खा रविवार इंग्रजी चिठ्ठ्या लावण्यात गेला, पण त्यातूनच यादी तयार झाली: काय आहे, काय नवं घेतलंय, काय नाही. ती यादी जाहिरातीत जशीच्या तशी टाका, आणि जे नाही ते आधी लिहा. खाजगी विक्रीत पारखून घेणं ही घेणाऱ्याची जबाबदारी असली, तरी तुम्ही चुकीचं वर्णन केलंत तर प्रकरण तुमच्यावर उलटू शकतं. तुमची १९७० ची आहे, म्हणजे पुढची मूळ जाळी आत दबलेली काळी असणार. बरेच जण ती काढून क्रोमची बसवतात. जुनी पडली असेल तर फेकू नका, मूळ वस्तूंवर जीव टाकणारे लोक आहेत.

कागद: व्ही ५ सी (गाडीचं नोंदणीपत्र) घरात सापडतंय का ते आजच बघा. हरवलं असेल तर व्ही ६२ अर्ज भरून डीव्हीएलएकडून (गाड्यांची नोंदणी ठेवणारं सरकारी खातं) दुसरं मागवा, कारण कागदाविना गाडी म्हणजे घेणाऱ्याच्या लेखी नुसता सुट्या भागांचा ढीग. तुमचं सॉर्न (गाडी रस्त्यावर नसल्याची सरकारी नोंद) त्याच्या नावावर जात नाही, त्याला स्वतःचं करावं लागतं, हे त्याला सांगा. चाळीस वर्षांवरची गाडी असल्याने रोड टॅक्स माफ होतो, पण त्यासाठी अर्ज करावा लागतो. मोठे बदल केलेले नसतील तर एमओटीही (गाडीची वार्षिक तपासणी) लागत नाही. गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियममधून हेरिटेज सर्टिफिकेट मागवलंत तर गाडी कारखान्यातून कुठल्या रंगात निघाली ते कळतं. रंग बाकी असलेल्या गाडीबरोबर हा कागद शोभतो.

किंमत मला इथून सांगता येणार नाही. लोकांनी मागितलेले आकडे पाहू नका, ऑनलाइन लिलावात अर्धवट गाड्या खरोखर कितीला सुटल्या ते पाहा. जाहिरात एमजी कार क्लबच्या लोकांतही जाऊ द्या, तिथे नुसती चौकशी करणारे कमी भेटतात. विसार घेतल्याशिवाय कुणासाठी गाडी अडवून ठेवू नका. आणि सुटे भाग विकून जास्त पैसे येतील या नादी लागू नका. येतीलही, पण गिअरबॉक्स आठवड्यात जाईल आणि बॉडी घर बदलायच्या दिवशीही तिथेच असेल.

गिअरबॉक्सवरून आठवलं, तुमच्या गाडीला ओव्हरड्राइव्ह (वेगात इंजिनचे फेरे कमी ठेवणारा गिअरबॉक्सचा जोड) आहे का? १९७० साली ते जादा पैसे मोजून घ्यायचं असे. असेल तर जाहिरातीच्या पहिल्याच ओळीत लिहा.